गाळलेला रकाना

ग्रामीण पर्यावरण-आरोग्याचे संशोधन केंद्र कसे चालवावे, याचा आराखडा करण्यासाठी काही वर्षांपूर्वी पुण्यातील एका शिक्षणसंस्थेने समिती नेमली. मी रसायनशास्त्र शिकवते, पाणी तपासण्याची थोडीफार सवय आहे, म्हणून समितीत माझे नाव आले. (आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. यादीत नाव येण्याला हेही एक कारण होते, असे पुढे कळले. अशा समितीत आमच्यापैकी एखादे माणूस दाखवावे लागते.) तीन बैठका उपकरणांच्या किमतीत गेल्या. चौथ्या बैठकीत गावोगाव भरायचा पाणी-पाहणीचा नमुना पुढे आला. स्रोत कोणता : विहीर, विंधण विहीर, नळ की ओढा. खोली किती. कठडा आहे काय. जवळ उकिरडा आहे काय. मी सुचवले की यात आणखी एक रकाना घालावा : या स्रोतावर गावातील कोणत्या वस्त्या पाणी भरतात आणि कोणत्या भरत नाहीत. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "मॅडम, हा आरोग्याचा विषय आहे. समाजशास्त्राचा विभाग वेगळा आहे." दुसरे एक सदस्य म्हणाले, "आणि आता तसे काही राहिलेलेही नाही." रकाना वाढला नाही.

त्या रकान्याचा इतिहास मांडण्याचा हा प्रयत्न आहे. मी इतिहासाची अभ्यासक नव्हे. परंतु ज्या शास्त्राची पाटी गळ्यात अडकवून मी त्या बैठकीला बसले होते, त्या शास्त्राने या महाराष्ट्रात काय पाहिले आणि काय पाहायचे टाळले, हे विचारण्याचा अधिकार मला आहे असे मी समजते.

पर्यावरण-आरोग्य हा शब्द नवा आहे, गोष्ट जुनी आहे. माणसाच्या भोवतालचे पाणी, हवा, माती, मैला, किडे-माकडे यांचा त्याच्या प्रकृतीशी असलेला संबंध, एवढाच त्याचा अर्थ. या अर्थाने पाहिले तर आपल्या गावगाड्यात पर्यावरण-आरोग्याचे एक संपूर्ण खाते फार पूर्वीपासून चालू होते. मेलेले जनावर गावाबाहेर ओढून नेणे, ते सोलणे, त्याची विल्हेवाट लावणे, हे त्या खात्याचे काम. त्याला पगार नव्हता. वतन होते, बलुते होते, शिळी भाकरी होती. काळपुळीने मेलेले जनावर फाडले की त्या रोगाचे बीज मातीत वर्षानुवर्षे टिकून राहते आणि फाडणाऱ्याच्या हातालाही ते लागते, हे शास्त्र आज आपण वर्गात शिकवतो. ते शास्त्र ठाऊक नसताना ज्यांनी पिढ्यान् पिढ्या गावाला त्या रोगापासून दूर ठेवले, त्यांनाच गावाने अस्वच्छ ठरवून वेशीबाहेर ठेवले. मुंबई राज्यात कनिष्ठ गाववतने कायद्याने संपली ती १९५८ साली. म्हणजे ज्याला आपण सार्वजनिक आरोग्याचा इतिहास म्हणतो, त्यातील सर्वांत जुने कर्मचारी १९५८ पर्यंत सक्तीने राबत होते; आणि कोणत्याही आरोग्य-इतिहासात त्यांची नोंद आरोग्य-कर्मचारी म्हणून झालेली मी पाहिलेली नाही.

आता पाण्याकडे वळू. माझा मुख्य मुद्दा तिथेच आहे.

१८६८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. हे समाजसुधारणेचे उदाहरण म्हणून आपण पाठ केलेले असते. परंतु मी ते आरोग्याचे उदाहरण म्हणूनही वाचते. शहराच्या वस्तीत पिण्यायोग्य पाणी कोणाच्या हाताशी आहे आणि कोणाला डबक्यावर अवलंबून राहावे लागते, हा प्रश्न आधी सोडवल्याखेरीज रोगाचा प्रश्न सुटत नाही, हे त्या हौदाने कृतीने सांगितले. त्या वेळी रोगजंतूंचा सिद्धांत युरोपातही पुरता रुजलेला नव्हता. रॉबर्ट कॉखने पटकीचा जंतू ओळखला तो पुढे १८८३-८४ मध्ये. आणि तो जंतू एका तळ्याच्या पाण्यात त्याला सापडला ते तळे आपल्याच देशातले, कलकत्त्याचे. तळ्याचे पाणी खरोखर कशाने बिघडते, हे त्या दिवसापासून जगाला ठाऊक झाले.

तरीही त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षांनी महाडला काय घडले? मुंबई विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा ठराव झाला होता. महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. ते कागदावर राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि त्यांच्या मागोमाग परिषदेला आलेल्या लोकांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सवर्णांनी तळ्याची शुद्धी केली : १०८ घागरी, पंचगव्य, मंत्र. वाचकांना हा प्रसंग ठाऊक आहेच. परंतु पाणी तपासणाऱ्या माणसाच्या नजरेने तो पुन्हा एकदा पाहावा अशी माझी विनंती आहे. पाणी पिण्यायोग्य आहे की नाही हे ठरवताना आम्ही सर्वप्रथम काय शोधतो? आतड्यात राहणारे जंतू. ते १८८५ साली एशेरिशने वर्णिले आणि आज त्याच्याच नावाने ओळखले जातात. शंभर मिलीलिटर पाण्यात त्यातला एकही सापडता कामा नये, असा आजचा दंडक आहे. हे जंतू पाण्यात कुठून येतात? माणसाच्या आणि जनावराच्या विष्ठेतून. म्हणजे ज्या दिवशी माणसांनी तळ्यातून केवळ ओंजळभर पाणी उचलले, त्या दिवशी तळे बाटले असे ठरले. आणि ज्या दिवशी त्यात गाईचे शेण-मूत्र कालवले गेले, त्या दिवशी ते शुद्ध झाले असे ठरले. प्रयोगशाळेचा निकाल नेमका उलटा आला असता. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला. प्रयोगशाळेचा निकाल मागायला कोणी गेलेच नाही.

याहून मोठी साक्ष नारूची आहे. आजच्या विद्यार्थ्यांना नारू म्हणजे काय हे समजावून सांगावे लागते, ही समाधानाची गोष्ट. आमच्या आजीच्या पोटरीवर नारूचा वण होता. बाहेर डोकावलेला किडा काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा, तुटला तर पाय सडायचा, आणि हे सगळे ऐन पेरणीच्या दिवसांत, असे ती सांगे. या रोगाची साखळी अशी : नारूची अळी पाण्यातल्या एका सूक्ष्म किड्याच्या पोटात असते, ते पाणी गाळल्याशिवाय प्यायले की वर्षभराने माणसाच्या पायातून हातभर लांबीचा जंतू बाहेर पडू लागतो, आणि तो पाय पुन्हा पाण्यात बुडाला की हजारो अळ्या पाण्यात सुटतात. म्हणून नारूचे खरे घर म्हणजे पायऱ्यांची विहीर, बारव. पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात उभे राहून घागर बुडवायची, तिथे हा रोग. देशात नारू-निर्मूलनाचा कार्यक्रम १९८०च्या दशकात सुरू झाला; पायऱ्यांच्या विहिरी बुजवून किंवा बांधून काढून त्यांच्या रहाटाच्या विहिरी करणे हे त्यातले मोठे काम होते. १९९६ साली शेवटचा रुग्ण सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त म्हणून जाहीर झाला.

आता विचार करा. बारवेच्या पायऱ्या कोण उतरत होते? ज्यांना उतरण्याची मुभा होती ते. आमच्या माणसांना पहिल्या पायरीवरही पाऊल ठेवता येत नव्हते; वरून कोणी ओतील तर ओंजळ धरायची, नाहीतर ओढ्याच्या डबक्याला झिरा काढायचा. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते हे गावाचे म्हणणे नारूपुरते अक्षरशः खरे होते. फक्त तो स्पर्श कोणाचा, एवढ्यात धर्मशास्त्राची चूक झाली. बारव बाटवणारे पाय गावातलेच होते. आणि बाटलेल्या बारवेतली घागर कोणी दयेने आमच्या ओंजळीत ओतली, की नारू वेस ओलांडून आमच्याकडे येई. आजीच्या पोटरीवरचा वण असाच आला असावा. ती कधीही पायरी उतरली नव्हती.

नारूचा कार्यक्रम राबवणाऱ्यांनी पायऱ्या मोजल्या, रुग्ण मोजले, आणि ते काम उत्तम केले. त्याबद्दल मला आदरच आहे. परंतु या पाण्याच्या नकाशावर जातीची रेघही होती, हे आरोग्याच्या नव्हे, चळवळीच्या माणसाने दाखवले. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात पुण्याच्या नाना पेठेतले डॉक्टर बाबा आढाव यांनी 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम काढली. गावोगाव हिंडून तिथला पाणवठा कोणाला खुला आहे, कोणाला नाही, याची पाहणी केली. त्याच १९७२ साली राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा स्थापन झाली आणि तिचे मुख्य कार्यालय पुण्यातच आहे. भूगर्भात पाणी किती खोल आहे हे त्या यंत्रणेने मोजले. जमिनीवर ते पाणी कोणत्या आळीला जाऊन थांबते हे बाबांनी विचारले. एकाच शहरातून, एकाच दुष्काळात, दोन सर्वेक्षणे निघाली आणि त्यांची गाठ पडली नाही. यंत्रणेच्या अभियंत्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्या नमुन्यात तो रकानाच नव्हता. उलट दलित वस्तीत स्वतंत्र विहीर, स्वतंत्र विंधण विहीर हे सरकारी दृष्टीने कल्याणकारी काम होते. त्याने तहान भागली, हे नाकारू नये. परंतु वेगळा पाणवठा सरकारी खर्चाने पक्का झाला, हेही नाकारू नये.

पुण्याच्या संस्थांनी ग्रामीण आरोग्याचे काम केले नाही असे मात्र कोणी म्हणू नये. १९५२ साली रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साह्याने पुण्यात विषाणू संशोधन केंद्र निघाले. डास-गोचिडांच्या मागे त्याचे संशोधक रानोमाळ हिंडले. तो वेगळा, मोठा विषय आहे. माझ्या विषयाला जवळची दोन ठिकाणे आहेत : एक देहू, दुसरे वढू.

देहूची हकिगत सांगायची तर आधी कोकणात जावे लागते. अप्पासाहेब पटवर्धन (१८९४-१९७१) हे रत्नागिरीकडचे गांधीवादी. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करण्याची परवानगी त्यांनी मागितली. जातीने ब्राह्मण असलेल्या कैद्याला ते काम देता येत नाही, असे तुरुंगाचे म्हणणे. अप्पांनी उपवास आरंभला आणि त्यांना पाठिंबा म्हणून डिसेंबरात येरवड्यातून गांधीजींनीही उपवास केला. त्याच येरवड्यात २४ सप्टेंबरला पुणे करार होऊन अवघे दहा आठवडे झाले होते. एका जातीला जे काम सोडू देत नव्हते, ते दुसऱ्या जातीच्या माणसाला करू देत नव्हते. इंग्रजांचा तुरुंगही मनुस्मृतीने चालत होता, हे त्या उपवासाने उघडे पडले. इथपर्यंत अप्पांविषयी मला नितांत आदर आहे. परंतु मैला वाहण्यात सेवेची पवित्रता आहे, ही त्या विचारसरणीची पुढची पायरी आहे आणि तिला बाबासाहेबांनी कडाडून विरोध केला. ज्याला ते काम निवडता येते त्याच्यासाठी ते व्रत असेल. ज्याच्या कपाळी ते जन्माने आले त्याला त्यात पवित्रता दिसण्याचे कारण नाही. महाडच्या परिषदेतून बाबासाहेबांनी सांगितले होते ते उलट : मेलेली ढोरे ओढू नका, मृतमांस खाऊ नका. पुढे कोकणात महारांनी ढोरे ओढणे सोडले, तेव्हा अप्पा स्वतः ढोर सोलायला शिकले. दोन्ही गोष्टी एकमेकींसमोर ठेवून पाहाव्यात. गावाने आपली घाण आपण उचलावी हे अप्पांचे म्हणणे खरे ठरायला आधी आमच्या लोकांनी ती टाकून देणे आवश्यक होते.

अप्पांचे खरे देणे मला व्रतात दिसत नाही, खड्ड्यात दिसते. कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात त्यांनी संडासाचे प्रयोग केले. मैल्याला माणसाचा हात लागू नये आणि त्याचे खत व्हावे, ही त्यामागची दृष्टी. दोन खड्ड्यांच्या संडासाचे तत्त्व साधे आहे. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा वापरायचा. पाणी जमिनीत मुरते, वरची घाण मातीतल्या जंतूंच्या हवाली होते, आणि वर्ष-दीड वर्षाने उघडल्यावर हाती येते ती काळसर, वास नसलेली माती. ती घरच्या माणसाने फावड्याने उपसायची. उपदेशाने जी जात संपली नाही, तिचे काम तरी हा खड्डा संपवू शकतो.

ही विद्या देहूला आणली डॉ. सु. वि. मापुसकर यांनी. साठच्या दशकाच्या सुरुवातीस ते तुकारामांच्या त्या गावी सरकारी आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आले. जंत, हगवण, पुन्हा जंत. औषध देऊन बरा केलेला रोगी महिन्याभरात परत. रोगाचे घर गोदरीत आहे हे ओळखून त्यांनी सरकारी नमुन्याचे संडास बांधवून घेतले, आणि पावसाळ्यात ते ढासळले. लोक हसले असतील. इथे बहुतेक सरकारी योजनांचा शेवट होतो. मापुसकरांनी मात्र अप्पा पटवर्धनांकडे जाऊन संडासाचा अभ्यास केला, परत येऊन गावातच ठाण मांडले, आणि एकेक घर करीत काही दशके घालवली. मैल्यापासून गॅस करण्याचे संयंत्र बसवले. देहूला संडासांचा आणि मैला-व्यवस्थापनाचा अभ्यास व प्रशिक्षण देणारे अप्पांच्या नावाचे तंत्रनिकेतन उभे राहिले. २०१५ साली ते वारले आणि २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

एका माणसाने चालवलेले ते ग्रामीण पर्यावरण-आरोग्याचे संशोधन केंद्रच होते. पदव्या नव्हत्या, निबंधमालिका नव्हत्या. त्याच्याकडून विद्यापीठाने शिकण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे संडास पडला त्या पावसाळ्यानंतर तो माणूस गावातच होता.

दोन खड्ड्यांचा हा संडास देशभर का पसरला नाही, याचे उत्तर २०१७ साली डायान कॉफी आणि डीन स्पीअर्स यांनी 'व्हेअर इंडिया गोज' या पुस्तकात दिले. त्यांनी उत्तर भारतातील खेड्यांत शोध घेतला आणि निष्कर्ष काढला की लहान खड्डा लोकांना नको असतो, कारण तो कधीतरी उपसावा लागेल. आणि उपसणे हे विशिष्ट जातीचे काम, ही समजूत गेलेली नाही. म्हणून एक तर उघड्यावर जायचे, नाहीतर पिढीभर भरणार नाही एवढी टाकी बांधायची. त्याच वर्षी तेलंगणातील गंगादेवीपल्ली येथे केंद्राचे सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः खड्ड्यात उतरले आणि तयार झालेले खत हाताने उपसून दाखवले. वृत्तपत्रांत छायाचित्रे आली. चांगले झाले. गटारात आणि टाकीत रोज उतरणाऱ्यांची छायाचित्रे मात्र ते मेल्यावरच येतात. आणि हाताने मैला उचलायला लावणे १९९३ च्या आणि पुन्हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. परदेशी विद्यापीठात शिकलेल्या दोन संशोधकांनी आकडेवारीने सिद्ध केल्यावर जात हा आरोग्याचा विषय ठरला. आमच्या समितीत त्या पुस्तकाचे नाव मी घेतले असते तर कदाचित रकाना वाढलाही असता. मी आजीचे नाव घेतले होते.

दुसरे ठिकाण वढू बुद्रुक. शिरूर तालुक्यातल्या या गावी डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने १९७० च्या दशकात ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यसेविका करणे हा त्याचा कणा. त्यासह एकूण कार्यासाठी बानूबाईंना १९९३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ पासून तिथे परिसरातील २२ गावांची कायमची नोंदवही ठेवली जाते : कोण जन्मले, कोण वारले, कोण आले, कोण गेले. चुलीच्या धुराने बिडी न ओढणाऱ्या बायकांची फुप्फुसे कशी निकामी होतात, असले प्रश्न विचारायला अशा नोंदवह्या लागतात. एका पाहणीने ते कळत नाही. त्याच घरी वर्षानुवर्षे जावे लागते.

परंतु वढू हे गाव आमच्या वाचकांना वेगळ्या कारणानेही माहीत आहे. संभाजी महाराजांच्या देहाचे अंत्यसंस्कार करणाऱ्या गोविंद गोपाळ महाराची परंपरा तिथली; त्यांची समाधी तिथे आहे. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस त्या समाधीजवळच्या फलकावरून वाद पेटला आणि १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा, सणसवाडी परिसरात दगडफेक व जाळपोळ झाली. आरोग्याच्या माणसाने हे का लक्षात घ्यावे? कारण नोंदवही भरणारी बाई त्यानंतरच्या सोमवारी पुन्हा त्याच गल्ल्यांतून जाणार असते. कोणत्या घरचे दार उघडेल, कोण खरे सांगेल, कोण घाबरून 'सगळे ठीक आहे' म्हणेल, यावर तिचा आकडा अवलंबून असतो. भीती हाही माणसाचा भोवताल आहे. ती मोजण्याची पद्धत मला ठाऊक नाही. परंतु ती नाही असे धरून काढलेली सरासरी मी डोळे झाकून स्वीकारणार नाही.

आता केंद्र चालवण्याविषयी. समितीने मला अखेर क्षेत्रकामाची जबाबदारी दिली, म्हणून दोन हंगाम मी हे जवळून पाहिले.

जीप सकाळी पुण्याहून निघते. पाण्याचे नमुने बर्फाच्या पेटीत घालून शक्यतो सहा तासांत आणि फार तर दिवसभरात प्रयोगशाळेत पोचवायचे असतात, म्हणून घाई असते. बाटल्या मोजून नेलेल्या असतात. गावात पोचल्यावर आधी ग्रामपंचायत, मग सरपंचांकडे चहा. पहिला नमुना ग्रामपंचायतीजवळच्या विहिरीचा. दुसरा देवळाजवळच्या नळाचा. तिसरा शाळेचा. तोपर्यंत ऊन चढते. वस्ती टोकाला, ओढ्यापलीकडे. तिथे पोचेपर्यंत बाटल्या संपलेल्या असतात, नाहीतर वेळ. कोणीही मुद्दाम काही करीत नाही. जात इथे कोणाच्या मनात असावीच लागत नाही, ती रस्त्यात असते. आणि गावाचे पाणी म्हणून जो निकाल लागतो तो देवळाजवळच्या नळाचा.

त्या टोकाच्या नळाचे रसायनशास्त्र मात्र वेगळे असते. टाकीत टीसीएल टाकली जाते. ताज्या पावडरीत क्लोरीन तिसऱ्या हिश्श्याइतके असते, उघड्या पोत्यात ते उडून जाते. टाकीतून निघालेले क्लोरीन वाटेत घाणीशी झगडत संपत जाते. शेवटच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असावे असा दंडक आहे. पाणी रोज तासभर येते, उरलेले तेवीस तास नळी रिकामी. रिकामी नळी गटारातून गेलेली असेल आणि तिला चीर असेल तर ती गटाराचे पाणी आत ओढून घेते. पाणी सुटले की पहिली घाण शेवटच्या नळाला पोचते. आणि शेवटचा नळ कोणाचा, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. एका गावी मी हट्टाने आधी वस्तीत गेले. ग्रामपंचायतीजवळच्या नळाला क्लोरीनची पिवळी छटा आली, वस्तीच्या नळाला आली नाही. वस्तीच्या पाण्याची बाटली दुसऱ्या दिवशी सकाळी काळी झाली. विष्ठेतले जंतू असल्याची ती खूण. गावाचे कार्ड हिरवे होते.

केंद्राला पैसा मिळतो तो प्रकल्पापुरता, दोन वर्षांचा, तीन वर्षांचा. प्रकल्प संपला की गावातल्या बायका घरी. त्यांच्या हाती झालेले शिक्षण, माहीत झालेल्या वाटा, जुळलेली माणसे, यांचा जमाखर्च कुठल्याच अहवालात येत नाही. पुढच्या प्रकल्पाला नवीन मुली, नवीन प्रशिक्षण, तोच चहा. विद्यापीठाच्या नावाने चालणारे काम याहून वेगळे होऊ शकते याला पुण्यातच दाखला आहे. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या १९९० च्या सुमारास कचरा वेचणाऱ्या बायकांमध्ये शिकवायला गेल्या. त्या बायकांत दलित बहुसंख्य, कित्येक घरे दुष्काळात गाव सोडून आलेली. त्या शिकवण्यातून १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. शहराच्या घाणीविषयीचे ज्ञान कोणाकडे आहे हे ओळखून त्यांनी त्या बायकांनाच त्याचे मालक केले. याच शहराचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीला वर्षानुवर्षे ओतला गेला आणि तिथल्या विहिरी नासल्या. शहराचे पर्यावरण सुधारते तेव्हा ते कोणत्या गावाच्या जिवावर, हेही कोणीतरी विचारत राहिले पाहिजे.

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ ची. २०१४ पासून त्याला सावित्रीबाईंचे नाव आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी पोराला पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचल्या, आणि त्याच आजाराने १० मार्च रोजी गेल्या. प्लेग पिसवांमुळे पसरतो हे १८९८ साली सिमाँने मांडले. म्हणजे सावित्रीबाईंना संसर्गाची वाट शास्त्राने ठाऊक नव्हती. आजारी पोर कोणत्या वाड्यात आहे हे मात्र ठाऊक होते, आणि तिथे त्या आधी गेल्या.

समितीचा नमुना छापून आला तेव्हा त्यात बारा रकाने होते. माझा तेरावा नव्हता. पहिल्या हंगामाचे भरलेले कागद माझ्याकडे तपासायला आले. आमच्या क्षेत्रसेविका दोन-तीन गावांतल्याच बायका, कोणी सातवी, कोणी दहावी शिकलेल्या. त्यांच्याशी रकान्याविषयी मी अवाक्षर बोलले नव्हते. दहा-बारा कागदांवर समासात बॉलपेनने बारीक अक्षरात लिहिलेले होते : 'वरची आळी भरते.' 'बौद्धवाडा भरत नाही, बोअर बंद.' 'मांगवाडा शेवटचा, रात्री पाणी.' एका कागदावर नुसतेच 'विचारू नका म्हणाले.'

संगणकात भरताना समास वगळायचा असतो. मी ते कागद अजून दिलेले नाहीत.